कुठला कागद देऊ?

नोकरीतून मोकळी झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात आमचे एक विश्वस्त म्हणाले, "साळवेताईंनी तेवीस वर्षं माणसांची मनं वाचली." टाळ्या झाल्या. मी शाल-नारळ घेतला आणि गप्प बसले, कारण खरं सांगायची ती जागा नव्हती. मी मनंबिनं काही वाचली नाहीत. मी कागद दिले. मन ज्याचं त्याने वाचायचं, चौकटीत खूण करायची, कागद मला परत करायचा आणि मी बेरीज करायची, असं ते काम होतं. एम.ए.ला मानसशास्त्र घेतलं तेव्हा जालन्याहून आलेल्या माझ्या बापाला वाटलं होतं, पोरगी डॉक्टर होणार. पोरगी बेरजा करायला लागली.

आमच्या वसाहतीच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी लेख मागताना म्हटलं, "तुमच्याकडे वेड्यांचे किस्से असतील ना भरपूर?" नाहीत हो. माझ्याकडे शहाण्यांचेच आहेत, आणि शहाणी माणसंच जास्त दमवतात.

घाटकोपर पश्चिमेला एका फरसाणवाल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं समुपदेशन केंद्र होतं. मानसतज्ज्ञ मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. बाकीचे दिवस मी, पाण्याचा कूलर आणि एक लोखंडी कपाट. कपाटात स्व-चाचण्या. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर स्व-चाचणी म्हणजे वीस-पंचवीस वाक्यांचा कागद. 'मला लवकर राग येतो', 'मला सकाळी उठावंसं वाटत नाही', अशी वाक्यं आणि पुढे चार चौकटी: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, जवळजवळ रोज. उदासीचा कागद वेगळा, चिंतेचा वेगळा, रागाचा वेगळा, नवरा-बायकोचा वेगळा. त्यातून आजार ठरत नाही. मॅडमनी बोलायला सुरुवात कुठून करायची, एवढंच कळतं.

माझी कारागिरी होती ती कुठला कागद कुणाला द्यायचा, यात. माणूस येऊन म्हणतो, "झोप येत नाही." झोपेमागे चिंता असेल, उदासी असेल, संध्याकाळचे चार चहा असतील किंवा वरच्या मजल्यावरचा तबला शिकणारा असेल. चुकीचा कागद दिला तरी बेरीज येतेच, ही त्यातली गोम. कागद कधी म्हणत नाही की बाई, हा माणूस माझा नाही.

म्हणून मी आधी तीन गोष्टी विचारायची. किती दिवसांपासून होतंय? रोजच्या कुठल्या कामात अडतंय? आणि उत्तर मिळाल्यावर तुम्ही त्याचं काय करणार? तिसऱ्या प्रश्नाला खरी मजा यायची. एका हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी चेअरमनच्या वतीने चाचणी भरायला आले होते. "ते येणार नाहीत, पण मी त्यांना अकरा वर्षं ओळखतो. माझ्याइतकी खरी उत्तरं तेसुद्धा देणार नाहीत." काय करणार उत्तराचं? "नोटीस बोर्डावर लावणार." एक बाई सुनेसाठी रागाचा कागद घेऊन गेल्या आणि आठवड्याने स्वतःच भरून परत आल्या. बेरीज बघून म्हणाल्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" कुणाबद्दल म्हटलं होतं, ते मी विचारलं नाही.

कागदांच्या मराठीचं वेगळंच. ती कुण्या विद्वानाने केलेली होती आणि त्या विद्वानाला घाटकोपर माहीत नसावं. 'आपणांस मनःस्थितीत चढउतार जाणवतात काय?' असा एक प्रश्न. एका काकूंनी 'जवळजवळ रोज'वर ठसठशीत खूण केली. मी हळूच विचारलं, नेमकं काय होतं? म्हणाल्या, "काय होणार ताई? लिफ्ट सहा महिने बंद, आमचा चौथा मजला. गुडघ्यांची वाट लागली."

आता हे सगळं फोनवर आलंय. रिक्षात बसल्या बसल्या माणूस दहा प्रश्नांत स्वतःला तपासतो आणि घरी पोचेस्तोवर त्याला तीन आजार झालेले असतात. आमच्याकडे येणाऱ्यांतले निम्मे लोक शेवटी शेवटी फोनच पुढे करायचे. गावडेकाका असेच आले. आज सांगायचंय ते त्यांचंच. नावगाव बदललंय, बाकी जसं घडलं तसं.

शांताराम गावडे, राहणार मुलुंड, मूळ कणकवलीजवळचे. वडील गिरणीत होते, हे स्वतः कारखान्यातून निवृत्त. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, केसांना तेल. समोर बसले आणि फोन माझ्यासमोर धरला.

"ताई, बारापैकी नऊ. हे पास की नापास?"

मुलगी दीपाली बोरिवलीला दिलेली. तिने त्यांना फोनवर विसराळूपणाची चाचणी लावून दिली होती. खाली तांबड्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ताबडतोब तज्ज्ञांना भेटा.

"तुम्हाला काय वाटतं? विसरता?"

"बायको म्हणते. सांगितलेलं लक्षात राहत नाही म्हणते. दुधाची पिशवी आणा सांगितलं तर मी तसाच परत येतो. ती म्हणते, मी सांगितलं होतं. मी म्हणतो, नाही सांगितलंस. मग भांडण."

किती दिवस? दोन-तीन वर्षं. अडतं कुठे? घरातच. उत्तराचं काय करणार? म्हणाले, "बायकोला दाखवणार. की बाई, माझी चूक नाही, डोकंच गेलंय."

मी फोनवरची चाचणी बाजूला ठेवली आणि आमचा स्मरणाचा कागद दिला. वाटलं, चला, शहाणपणाचं काम केलं. काकांनी पेन काढून नीट, न खाडाखोड करता भरला. बेरीज उत्तम आली. किल्ल्या कुठे ठेवल्या, ते माहीत. औषधं वेळेवर. पेन्शनची तारीख, नातवाचा वाढदिवस, कारखान्यातल्या साहेबांची नावं, सगळं पाठ. अडखळले ते एकाच वाक्यावर: 'लोकांनी सांगितलेलं माझ्या लक्षात राहत नाही.' तिथे 'जवळजवळ रोज'.

मी मनाशी ठरवलं, स्मरण ठीक आहे, लक्ष लागत नाही. आणि लक्ष लागत नाही म्हणजे उदासी. हे असं पुस्तकात असतं. पुढच्या मंगळवारी उदासीचा कागद. त्यात 'लोकांत मिसळणं टाळतो', बऱ्याचदा. 'पूर्वी आवडायचं ते आता नको वाटतं', बऱ्याचदा. विचारलं तर म्हणाले, भजनी मंडळात जायचे, ते सोडलं. "पहिल्यासारखी मजा नाही. सगळे पुटपुटतात." लग्नाकार्याला जात नाहीत. टीव्ही बघतात, पण बायको येऊन आवाज कमी करते म्हणून चिडतात.

वाचणाऱ्याला आत्ताच कळलं असेल. मला कळलं नाही. मला वीसेक वर्षांचा अनुभव होता ना.

तिसऱ्या खेपेला मी चिंतेचा कागद दिला. त्यात एक वाक्य आहे: 'लोक माझ्या पाठीमागे माझ्याबद्दल बोलतात असं मला वाटतं.' काकांनी 'जवळजवळ रोज'वर खूण केली आणि पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

"कोण बोलतं काका?"

"आहेत." ते माझ्याकडे रोखून बघत राहिले. "घरातलेच आहेत. मी खोलीत गेलो की हळू बोलतात. मी गावी जाऊन राहणार आहे, ताई. घर आहे तिकडे. पुढच्या महिन्याचं तिकीट काढलंय."

"आणि काकू?"

"ती इथेच. तिची सुटका होईल. मी तिला नकोय."

"असं काकू म्हणाल्या?"

"माझ्या ह्या कानांनी ऐकलंय मी."

काय ऐकलं, ते सांगायला तयार होईनात. मी मॅडमकडे गेले. आमच्या फायलीत निरीक्षणाचा एक रकाना असतो, तो मी भरायची. त्यात मी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं, 'एकटक पाहतात'. खरं सांगायचं तर मला ते थोडं खटकलंही होतं. बाईमाणसाच्या तोंडाकडे असं टक लावून कोण बघतं? आता हा शेरा, तो संशय आणि पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारातून एकट्याने गावी निघणं. मॅडमनी तिन्ही कागद वाचले, काकांशी अर्धा तास बोलल्या आणि मनोविकारतज्ज्ञांच्या नावाने पत्र टाइप करायला सांगितलं. मी केलं. पुढच्या मंगळवारी शेवटचा एक कागद भरून घ्यायचा आणि पत्र हातात द्यायचं, असं ठरलं.

त्या मंगळवारी काका आले, आतल्या खोलीत बसले आणि कागद अर्धा भरून झाला असेल तेवढ्यात खालच्या फरसाणवाल्याकडे काहीतरी उडालं आणि सगळ्या इमारतीची वीज गेली. आमच्या आतल्या खोलीला खिडकी नाही. भर दुपारी मिट्ट काळोख.

"थांबा काका, मी वाचते, तुम्ही नुसतं सांगा," म्हणून मी फोनचा टॉर्च लावला आणि उजेड कागदावर धरला.

"भूक पूर्वीसारखी लागते का?"

"मुलुंडला," काका म्हणाले. "आधी भांडुपला होतो."

मला वाटलं, बिचारे घाबरले असतील.

"झोपेतून दचकून उठता का?"

"छे, डोकं नाही दुखत."

मी टॉर्च तसाच कागदावर ठेवला. मी काळोखात होते, माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता. पंखा बंद होता, खोलीत दुसरा कसलाही आवाज नव्हता. मी नेहमीच्याच आवाजात म्हटलं, "काका, खालून फरसाण मागवू का?"

काका हसल्यासारखे झाले. "हो, हो," म्हणाले. "बरोबर आहे तुमचं."

मग मी टॉर्च माझ्या तोंडावर धरला आणि तेच वाक्य तसंच पुन्हा म्हटलं.

"नको हो," काका लगेच म्हणाले. "पित्त होतं."

हा माणूस तीन आठवडे माझ्या ओठांकडे बघत होता. ऐकत नव्हता, वाचत होता. आणि मी शेरा मारून ठेवला होता. बरं, त्यांनाही ते माहीत नव्हतं. कान एका दिवसात जात नाहीत. जग हळूहळू पुटपुटायला लागतं आणि माणसाला वाटतं, लोकच बदलले.

वीज आल्यावर मी फाइल उघडली. पहिलं पान, जे मी दर वेळी उलटून पुढे जायची. नाव, पत्ता, वय आणि व्यवसायापुढे काकांच्या स्वच्छ अक्षरात: 'पत्र्याच्या डब्यांचा कारखाना, पंचिंग मशीनवर, एकतीस वर्षं.' पत्र्यावर दिवसभर ठोके मारणारं मशीन, त्याच्या शेजारी एकतीस वर्षं. माझ्या चार कागदांत मिळून ऐंशीच्या वर प्रश्न होते. ऐकू येतं का, हा एकातही नव्हता.

मॅडमना सांगितलं. त्यांनी पत्र परत मागून घेतलं आणि कानाच्या डॉक्टरांच्या नावाने दुसरं लिहिलं. ते लिहीत असताना आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

काकांना समजावणं सोपं नव्हतं. "डोकं गेलंय" हे ते मान्य करायला आले होते. कान गेलाय म्हटल्यावर भडकले. "बहिरा? मी? तुमचं सगळं ऐकू येतंय की मला!" मी वळून कपाटाकडे तोंड केलं आणि विचारलं, "काका, नातवाचं नाव काय?" उत्तर आलं नाही. वळून बघितलं तर ते पायांकडे बघत बसले होते. मी काहीतरी विचारलं, एवढं त्यांना कळलं होतं.

पालिकेच्या रुग्णालयात तपासणी झाली. दोन्ही कान अधू निघाले. तिथल्या तंत्रज्ञ मुलीने त्यांना समजावलं आणि त्यांनी येऊन मला: भरीव आवाज ऐकू येतात, पण थ, स, श, फ अशी वाऱ्यासारखी अक्षरं गळून जातात. म्हणजे शब्दाचा सांगाडा ऐकू येतो, बाकीचं डोकं आपल्या मनाने भरतं. "आणि आपलं मन काय चांगलं भरणार आहे, ताई?" काका म्हणाले. माझ्या सगळ्या कपाटात इतकं नेमकं वाक्य नव्हतं.

कानाला ऐकायचं मशीन लागलं आणि मॅडमनी दोघांना एकत्र बोलावलं. गावडेकाकूंना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पाहण्याआधी ऐकलं. त्या जिन्यात असतानाच मला त्यांचं बोलणं अक्षर न् अक्षर कळत होतं. लहानखुरी बाई, पण आवाज असा की कूलरमधलं पाणी हलावं. बसल्या बसल्या म्हणाल्या, "आधीच सांगते, मी भांडखोर नाही. बिल्डिंगमधे विचारलंत तर तसंच सांगतील, पण नाही मी."

"हळू बोल," काका म्हणाले. मशीन लावून त्यांना तिसराच दिवस होता. बोलताना कानावर हात गेला.

"हळू बोलत होते तेव्हा ऐकलंत कधी?"

मॅडमनी काकांना सांगितलं, जे ऐकलं होतंत ते आज काकूंसमोर सांगा. काकांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, बंद केलं.

"दिवाळीनंतरचा शनिवार होता. ही आत दीपालीशी फोनवर बोलत होती. मी पाणी प्यायला गेलो. ही म्हणाली..." टोपण पुन्हा उघडलं. "म्हणाली, मेले तरी चालेल."

काकू एकदम उभ्याच राहिल्या. "आणि ह्या तुमी खंय आयकलात? मी? तुमच्याबद्दल? देवाशपथ..." आणि मग त्यांचा आवाज कधी नव्हे तो बंद पडला.

मॅडम म्हणाल्या, "काकू, आठवून बघा. काय बोलणं चाललं असेल?"

काकू खाली बसल्या. पदराने तोंड पुसलं. जमिनीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "शनिवार ना? रविवारी दीपाली येते. येताना भाजी आणते. शनिवारी फोन करून विचारते काय काय आणू." आणि वर बघितलं. "मेथी नसली तरी चालेल म्हटलं असेन मी. मेथी!"

"मेथी?"

"मेथी नसली तरी चालेल! थ नाही, स नाही. काय ऐकू येणार तुम्हाला?"

काका तिच्याकडे बघत राहिले. "मेथी नसली," असं दोनदा पुटपुटले, जणू तोंडात घालून चव बघत होते. मग हसायला लागले. हसता हसता चष्मा काढला आणि डोळे पुसत राहिले. काकू म्हणत होत्या, "वर्षभर? वर्षभर हे धरून बसलात? एकदा तोंडाने विचारायचं नाही?" आणि त्याही हसत होत्या, रडत होत्या, आणि सगळं खालच्या फरसाणवाल्याला ऐकू जात होतं. काकांनी तिथेच दीपालीला फोन लावून तिकीट रद्द करायला सांगितलं.

मॅडम मला म्हणाल्या, "साळवे, अशा केसेस वर्षाला दोन आल्या तरी पुरे." मीही खुशीत होते. पण घरी गेल्यावर चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मी जुन्या फायली काढल्या आणि माझेच शेरे वाचत बसले. 'एकटक पाहतात.' 'प्रश्न पुन्हा विचारावा लागतो.' 'असंबद्ध उत्तरं.' वयस्क माणसांच्या फायलींत असे शेरे तीन ठिकाणी सापडले. दोघांचे फोन लागले नाहीत. तिसऱ्या आजींच्या मुलाने उचलला. म्हणाला, आईला जाऊन वर्ष झालं. "शेवटी शेवटी कुणाशी बोलायचीच नाही. तुमच्याकडे आणलं होतं ना, डिप्रेशन निघालं होतं." मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार होते? माझ्या हातची बेरीज होती. बरोबर केलेली होती.

तेव्हापासून मी कागद द्यायच्या आधी कपाट उघडायच्या निमित्ताने पाठ फिरवून एक प्रश्न विचारायची. नोकरी सुटेपर्यंत विचारला. माझ्यानंतर आलेल्या मुलीलाही शिकवलाय. तिच्याकडे आता कागद नाहीत, टॅबलेट आहे. त्याला पाठ नसते, पण तिला आहे.

गावडेकाकूंचं मात्र तिथे संपलं नाही. पंधरा-वीस दिवसांनी त्या बुधवारी एकट्याच आल्या. मॅडमचा दिवस नाही हे त्यांना माहीत होतं.

"माझ्यासाठी एखादा कागद आहे का?"

"कशासाठी काकू?"

"रागाचा असतो ना तुमच्याकडे? आता ह्यांना ऐकू येतं, पण माझा आवाज काही खाली येत नाही. कुकरची शिटी झाली सांगायचं तरी ओरडते. तीन वर्षांची सवय." मग म्हणाल्या, "सवय म्हणते. राग आहे तो. एक गोष्ट चारदा सांगायची. आवाज वॉचमनपर्यंत जायचा, ह्यांच्यापर्यंत नाही. शेजारणी म्हणायच्या, काय बाई ही, नवऱ्याला किती बोलते."

मी कागद काढून दिला. त्यांनी चष्मा लावला, पहिलं वाक्य वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"ताई, ह्यांना मेथीशिवाय रविवार चालत नाही."

मला आधी कळलंच नाही.

"लग्न झाल्यापासून. रविवारी मेथी हवीच. दीपाली दुसरं काही विसरेल, मेथी नाही विसरत. मी कशाला सांगेन तिला, नसली तरी चालेल म्हणून?"

खालून गाठिया तळल्याचा वास येत होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. म्हटलं असणार मी. मला आठवत नाही, खरंच नाही आठवत. पण त्या दिवसांत मी काय काय बोलत होते, ते मलाच ऐकवलं नसतं. तिथे मॅडमसमोर हे असे बसलेले, पेन उघडझाप करत. मला मेथी सुचली." आयुष्यात पहिल्यांदाच असेल, पण त्यांचा आवाज इतका खाली आला की मलाच पुढे वाकावं लागलं. "कुठे लिहू नका हं."

मग त्यांनी कागद भरला. बेरीज मध्यम आली. कागदाच्या मते काळजीचं कारण नव्हतं. त्या गेल्यावर मी गावडे यांची फाइल काढली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'पत्नी सहकार्य करतात.'

हा लेख लिहायच्या आधी मी त्यांना फोन केला. परवानगीशिवाय लिहिणं बरं नव्हतं. घाबरत घाबरतच विचारलं.

"लिहा की," काकू म्हणाल्या. फोन कानापासून जरा लांब धरावा लागला.

"आणि काकांनी वाचलं तर?"

"त्यांना ठाऊक आहे. मी सांगितलं मागे. किती दिवस मेथी निवडत बसू मी, तोंड मिटून?"

"काय म्हणाले?"

"काही नाही. दुपार होती. कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं, बसून राहिले बाल्कनीत. मी म्हटलं, झालं, आता परत गावचं तिकीट. मग उठले आणि आत जाऊन चहा टाकला. दोन कप. चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

"बरा झाला होता का?"

"कसला बरा? पाकच होता साखरेचा," काकू म्हणाल्या. "पण मी काही बोलले नाही."